गवत कसं होतं?

परत आल्यावर पहिल्या रविवारी
क्याम्पातल्या मैदानावर, सहाच्या धुक्यात,
यल्लाप्पानं पिशवी खांद्याला लावली नि एवढंच विचारलं,
"गवत कसं होतं हो सायेब तिकडलं?"

मला सांगता येईना.

आठ जण गेलो होतो उद्यमबागेतले,
सात कारखानदार आणि मुरकुट्यांचा जावई.
दहा दिवस, चार मैदानं, सहा देवळं,
असं कागदावर छापलेलं.
हिरेमठांच्या ब्यागेत शेंगाचटणी,
माझ्या ब्यागेत कुंद्याचे बारा डबे.
विमानतळावरच्या पोराला समजावताना घाम फुटला:
दूध आहे बाबा, आटवलेलं, खूप आटवलेलं.
त्यानं दोन्ही हातांनी डबे घेतले,
कमरेत वाकला,
आणि ठेवून घेतले.

पाटी एक वाचता येईना.
गावात पाटी कुठल्या अक्षरात यावरून
एकमेकांच्या लग्नातलं जेवण टाळलेले
बिळगोजी नि हिरेमठ
एका खांबाखाली उभे राहून
एकाच बाणाकडं बोट दाखवत होते.

कॅडी बायका होत्या. पासष्टीच्या.
डोक्याला फडकं, शेंगा काढायला निघाल्यासारख्या.
माझ्या वाटणीच्या बाईचं नाव कानाला लागलं ते हारुए.
माझा चेंडू तळ्यात गेला की
माझ्यापेक्षा तिलाच जास्त वाईट वाटायचं.
बंकरमधून मी वर आलो की ती आत उतरायची,
मागं मागं सरत दाताळ्यानं माझी पावलं पुसायची,
जणू मी तिथं गेलोच नव्हतो.

क्योतोच्या एका देवळात बाग होती,
पाणी नाही, फुलं नाहीत,
चार दगड आणि पांढरी खडी, रेघा ओढलेली.
मुरकुटे पुटपुटला, "आयला, केवढा बंकर!"
जावयानं विचारलं, इथून मारायचं तर कुठली काठी?
ओसरीवर बसलेली एक बाई वळून बघती झाली.
मीही हसलो.
मग हसू मधेच थांबलं.

बाप माझा मोल्डर, परक्याच्या भट्टीवर.
काळी ओली वाळू पेटीत ठोकायचा,
पितळी थापीनं गुळगुळीत करायचा,
साचा उचलताना श्वास धरायचा,
कोपरा ढासळला तर दोन बोटांनी,
नुसत्या थुंकीनं, बसवायचा.
मग लोखंड ओतलं की वाळू फोडायची.
रोज.
लोकांना दिसलं ते पंपाचं कवच.
त्याच्या हातचं सगळ्यात सुबक काम
कुणी बघितलंच नाही.

पडवीत एक म्हातारा, साधू की माळी कळेना,
लाकडी दाताळं टेकवून उभा होता.
विचारावंसं वाटलं, किती वर्षं हे?
शिकवलं कुणी?
संध्याकाळी पाठ धरते काय?
पण गाईडबाईंची पिवळी छत्री हलली,
बस नऊ मिनिटांत सुटणार होती,
माझे बूट बासष्ट नंबरच्या खणात.
धावलो.

यल्लाप्पाला यातलं काय सांगू?
म्हटलं, "हिरवं होतं. लई हिरवं."
"ते फोटोत बघितलंय की," म्हणाला.

सातव्याला चेंडू वाळूत गेला,
चौथ्या फटक्याला बाहेर आला.
यल्लाप्पा पिशवी ठेवून उतरायला लागला,
पायानं वाळू सारायची त्याची जुनी पद्धत.
म्हटलं, थांब.
कुंपणाला दाताळं टेकवलेलं होतं,
सहातले चार दात शिल्लक.
मागं मागं सरत ओढलं.
रेघा आल्या, वाकड्या,
मधे दोन दातांएवढी पट्टी कोरीच.
वर बघतोय तर यल्लाप्पा माझ्याकडं बघायलाय,
पोरगं पहिल्यांदा सायकलवर बसल्यावर बघावं तसा.

"सायेब," म्हणाला, "मागं खड्डा हाय."