वाक्याचं गाव

पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही.
नावं विचारते.
हलगेकर, कडोलकर, येळ्ळूरकर,
मागच्या बाकावर घड्याळ बघत बसलेली गुंजीकर.
बघा, म्हणते, तुम्ही आडनावातच गाव सांगता,
कुणी न विचारता.
मग वाक्याचं गाव तेवढं का लपवता?

हसतात.
दरवर्षी याच जागी हसतात.
एम.ए.चं दुसरं वर्ष, बावीस जण,
अर्ध्यांना खानापूरची पावणेपाचची गाडी धरायची असते.

सातेरी कुंभारच्या आडनावात गाव नाही,
काम आहे.
त्याचा प्रबंधही त्याच कामावर:
खानापूर भागातली माती, चाक, कौलं.
संगणकानं त्यातला सत्तेचाळीस टक्के लाल केला.
उरलेल्यात माती अचानक मृत्तिका झाली होती,
चाकाचं चक्र,
आणि थापटण्याचं 'ताडन-उपकरण'.
शब्द बदलले की यंत्र फसतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं.
घाईत एका ठिकाणी
'चाकरी'चीसुद्धा 'चक्ररी' झाली होती.
मी हसले नाही.
म्हणजे, त्याच्यासमोर नाही.

पान एकोणतीसवर थांबले.
तिथं एक वाक्य, जसंच्या तसं, अवतरणचिन्हाशिवाय:
कच्ची मळलेली माती आव्यात गेली की बोलते.

हे माझं.
सोळा वर्षांपूर्वीच्या निबंधातलं.
धारवाडच्या चर्चासत्रात लोकांनी वहीत उतरून घेतलेलं.
राग यायला हवा होता,
आधी जरा बरंच वाटलं.

सातेरी, हे कुठून घेतलंस?
तो चपलांकडं बघत राहिला.
मग म्हणाला,
मॅडम, बाकीचं चोरलंय.
हे न्हवं.
हे आमच्या आत्तीचं बोलणं.
तुम्ही आल्ता न्हवं घरी? मी बारका होतो.
तिनं तुमाला बिनदुधाचा चहा दिल्ता,
तुम्ही खाली मान घालून लिवत होता.
पेन विसरून गेलासा. अजून हाय, निळं.

घरी येऊन माझा निबंध शोधला.
तळटीप अकरा: 'एक स्थानिक महिला'.
नाव नाही, गाव नाही.
आणि ते वाक्य तर तळटिपेतही नव्हतं.
वर होतं, माझ्या परिच्छेदात,
माझा चष्मा लावून बसलेलं.

दुसऱ्या दिवशी नियम नियमासारखे झाले.
प्रबंध परत, सहा आठवडे, नव्यानं लिही,
'चक्ररी'सकट सगळं काढ.
पण पान एकोणतीसवर टीप कशी द्यायची
हे ठरवत आम्ही दोघं तासभर बसलो.
माझं नाव आधी, की तिचं?
छापलेलं पहिलं, की बोललेलं?
नियमांच्या पुस्तिकेत उत्तर होतं,
पुस्तिकेपुरतं.

शेवटी विचारलं, आत्तीचं पूर्ण नाव काय?
तो गप्प.
आम्ही आत्तीच म्हणतो, मॅडम.

व्हरांड्यात जाऊन त्यानं फोन लावला.
पावणेपाचची गाडी केव्हाच गेली होती.
अर्धं कानडीत, अर्धं मराठीत बोलणं चाललेलं,
खिडकीतून मला एवढंच नीट ऐकू आलं:
न्हाई, रेशनकार्डावरचं नको.
तुझं. तू सांगतीस ते.