अनपेक्षित शेवट

उकूचा निरोप पहाटे आला, म्हणजे नऊ वाजता;
जानेवारीत तार्तूला पहाट तेव्हाच होते.
त्याला गोगलगाय काढायची होती.
एकसष्ट ओळी लिहिल्या
आणि यंत्र म्हणालं :
ओळ ६२. अनपेक्षित शेवट.

माझ्याकडे बासष्टावी ओळच नाही, तो लिहितो.
आणि शेवट अनपेक्षित कसा?
मी तर ठरवूनच थांबलो होतो.

अकरा वर्षांचा आहे.
ते वाक्य माझं. अठरा वर्षांपूर्वी
एका शुक्रवारी, ओव्हरकोट अंगात, एक बाही रिकामी,
शाळकरी मुलांच्या या इवल्याशा भाषेसाठी
उभ्याउभ्या लिहिलेलं.

चूक सातव्या ओळीत आहे.
उकूने कंस उघडला, आत शिंगं काढली,
आणि मिटवायचा राहून गेला.
पार्सर बिचारा वाचत निघाला :
मिटतो, आता मिटतो,
शंख, शेपूट, गवताचं पातं,
सगळं त्याच एका कंसाच्या पोटात भरत,
आणि कागद संपला तेव्हा
हाताशी उघडं दार.
पाय कुठे घसरला ते त्याला कळत नाही.
पुढे पाऊल टाकायला जागा उरली नाही
एवढंच कळतं, आणि तिथेच तो ओरडतो.
घसरणं आणि ओरडणं यांत
चोपन्न ओळी.

(आमच्या भाषेला भविष्यकाळ नाही.
मिटेल असं म्हणायची सोयच नाही.
मिटतो म्हणायचं, आणि वाट बघायची.)

ब्याऐंशी साली, संस्थेत, यंत्र नुसता आकडा छापायचं.
२९.
एकोणतीस म्हणजे काय ते सांगणारी वही
लेम्बितच्या कपाटात, कुलपात.
एक स्वल्पविराम हुकला
की नव्वद चुका, हातभर लांब कागद.
लेम्बित कात्री घेऊन पहिली ओळ तेवढी कापून द्यायचा.
ही खरी, म्हणायचा, बाकीच्या हिच्या लेकी.
उरलेल्या कागदाच्या पाठीवर
त्याची बायको ब्लाऊजचे नमुने आखायची.

कसं सावरायचं, तेही त्यानेच शिकवलं.
चूक दिसली की पुढच्या अर्धविरामापर्यंत
येईल ते न वाचता गिळायचं,
तिथून पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागायचं.
बायको गेली त्या मार्चपासून
लेम्बित कुणाशी बोलला नाही.
जूनमध्ये एका सकाळी दारात येऊन म्हणाला,
कॉफी आहे का?
आम्ही कुणी काही विचारलं नाही.
कॉफी होती.

तर आज मी ते वाक्य बदलायला बसले.

कंस मिटवायला विसरलास.
हा आरोप झाला. विसरला की नाही, मला काय माहीत?
इथे कंस हवा होता.
कुणाला हवा होता?
शिवाय इथे नाहीच. मिटायचा तो तिथे, शिंगांपाशी,
पण नक्की कुठे ते मी नाही सांगू शकत.
कदाचित त्याला शंखही आत हवा असेल.
उघडला कुठे, हे मात्र मी शपथेवर सांगते.

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं,
सारखा खर्रर आवाज, मग थांबून एक खोकला.
चहा दोनदा गार झाला.
दुपारी तीनला, उजेड निघायच्या बेतात असताना,
एवढं जमलं :

सातव्या ओळीत तू कंस उघडलास.
तो अजून उघडा आहे.
मी शेवटपर्यंत वाचलं.

त्या 'मी'वर बराच वेळ अडले.
यंत्राने मी म्हणावं का?
खोडला. पुन्हा घातला.
पाठवून दिलं.

तासाभराने उकूचं उत्तर :
कंस लावला. गोगलगाय आली.
पण शिंगं शेपटीच्या बाजूला आलीत,
आणि आता यंत्र
काहीच म्हणत नाही.