सहा हजार चारशे

रायच्या तिठ्यावर फ्लोरियान मेस्ताच्या गॅरेजात
लाल गाडी आली, तेव्हा मला बांद्याहून येऊन
तीनच आठवडे झाले होते. अजून पाने ओळखायला शिकत होतो.

दोन सीटांची, छप्पर नसलेली.
पूर्वी दोतोर मिनेझिशांची, आता सावियोची.
"पाच हजाराच्या वर अडखळते," तो म्हणाला.
"प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला,
पेट्रोलसुद्धा गाळून घातलं."
मेस्ताने नुसता कान दिला.
मग डिस्ट्रिब्युटरचं टोपण उचललं
पेजेवरचं झाकण उचलावं तसं.

आत रोटर, खारकेएवढा.
त्याच्या कुशीत एक इवलं वजन
आणि त्याला धरून ठेवणारी स्प्रिंग.
"हांगा पळय."

फार जोरात फिरलं की वजन बाहेर ओढलं जातं,
स्प्रिंग ताणते, ताणते,
आणि दुसरं टोक मधल्या दांड्याला टेकतं.
प्लगकडे निघालेली ठिणगी
तिथूनच माघारी, अर्थमध्ये.
इंजिन मरत नाही, एक घास चुकतं.
वेग उतरला की स्प्रिंग वजनाला परत आत घेते.
बस्स. ना वायर, ना कॉम्प्युटर.

रोटरवर आकडा कोरलेला: ६४००.
पण स्प्रिंग चाळीस वर्षांची,
पाच हजारालाच हात सोडायची.

"मग अराल्डाइट भर की," सावियो म्हणाला,
"वजन हलायलाच नको."

मेस्ताने टेबलावरचा पिस्टन उचलला,
ज्यात आम्ही स्प्लिट पिना ठेवायचो.
पिना माझ्या ओंजळीत ओतल्या,
पिस्टन त्याच्या.
माथ्यावर व्हॉल्वने मारलेली खोक, चंद्रकोरीएवढी.

"ह्याच गाडीचा. वेर्ण्याच्या पठारावर.
दोतोराला चुकलेला ठोका सोसायचा नाही.
तो म्हणाला भर, मी भरलं.
त्या रात्री मडगावला बाळंतीण अडली होती.
उरलेली वाट तो चालत गेला."

"पोचला?"

मेस्त डब्यात स्प्रिंगा शोधत होता.

तिसरी बसली.
संध्याकाळी त्याच पठारावर
मी शेजारच्या सीटवर, डोळे काट्यावर.
पाच हजार. साडेपाच. सहा.
आणि मग खक्. खक् खक्.
सावियोने सवयीने शिवी घातली.

परतलो तर मेस्त हात धूत होता.
"कितले?"
"सहा हजार दोनशे."
त्याने पिस्टन माझ्याकडे सरकवला,
पिना परत भर, अशा खुणेने.

"दोनशें हांवें दवरल्यात," म्हणाला,
आणि साबण शोधायला लागला,
जो त्याच्या हातातच होता.