कार्ड

ही गाडी जपानातून आली तेव्हा
अकरा वर्षांची होती, एक दिवा मंद,
आणि तिच्या रेडिओचे आकडे
शहात्तरला सुरू होऊन नव्वदला संपायचे.
मला ऐकायची ती स्टेशनं सगळी शंभरच्या पुढची.
चार हिवाळे मी एका बहिऱ्या पेटीसमोर बसून
दारखानहून उलानबातरला
वाळवलेल्या दह्याच्या गोण्या पोचवल्या.

बहिरी, पण मुकी नव्हे.
किल्ली फिरवली की रोज
डॅशबोर्डातून एक बाई बोलायची,
जपानी, एकच वाक्य, फार अदबीनं,
बँकेतली बाई कर्जाला नाही म्हणते तशी.
मला वाटायचं ती रेडिओतच राहते.
पेटी निघाली की तीही जाईल.

म्हणून जानेवारीत, उणे एकोणतीसला,
गोन्चिगच्या कंटेनरमध्ये शेगडी पेटवून
मी बॅटरीची उणे तार सोडली.
एवढं एकच मला ठाऊक होतं.

थंडीत प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं.
पहिली क्लिप मोडली ती माझ्या दातांत वाजली.
मग मुलीचा केस वाळवायचा ड्रायर आणला,
पॅनेल शेकलं, दुखऱ्या कानाला शेकावं तसं,
बोटं घालून ओढलं जरा, अजून जरा,
आणि गाडीचा चेहरा सुटून माझ्या मांडीवर आला.

आत नुसत्या तारा.
नव्या पेटीच्या कागदावर: पिवळी, तांबडी, काळी.
इथे निळीवर पिवळी रेघ, करडी, तपकिरी.
गोन्चिग दारात उभा, हात खिशात.
"तांबडी तांबडीला. त्यात काय आहे?"
"तांबडी दाखव मग," म्हटलं.
तो चहा आणायला गेला तो गेलाच.

बॅटरी परत जोडून, एक छोटा बल्ब हातात धरून
मी एकेकीला विचारत बसले:
तू कायम जागी असतेस का?
तू किल्लीबरोबर उठतेस?
आणि तू, काहीच न बोलणारी, तू जमिनीची ना?
एकदा ठिणगी उडाली. फ्यूज गेला.
मीही जवळजवळ गेलेच होते.

अंधार पडता पडता पेटी लागली.
हवामान सांगणारा तो जाड आवाजाचा माणूस,
पण पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा.
आवाज होता, आवाजाचं पोट नव्हतं.
तासभर शोधलं. डाव्या दारात
अधिक-उणे उलटं लागलं होतं:
उजवा स्पीकर हवा ढकलायचा,
त्याच क्षणी डावा ओढून घ्यायचा,
दोघं राबायचे आणि हाती काही नाही.
(मला माझं लग्न आठवलं, पण हातात पक्कड होती.)

तारा बदलल्या, आणि तो माणूस
सीटमधून माझ्या पाठीत उतरला:
रात्री उणे छत्तीस, वायव्येचा वारा,
जनावरं आत घ्या.
मी दोन वेळा ऐकलं. कंटेनरचा पत्रा थरथरत होता.

सकाळी किल्ली फिरवली.
नवी पेटी निळी उजळली, घड्याळात चार शून्यं.
आणि खालून, गुडघ्याजवळून,
तीच बाई, तेच वाक्य.
स्टिअरिंगखाली तिचा वेगळाच डबा होता,
काड्यापेटीएवढा, स्वतःच्या तारेवर जगणारा.

त्या दिवशी मागच्या सीटवर तुंगलाग होती,
ओसाकाला शिकून आलेली. ती हसायलाच लागली.
"म्हणते, कार्ड घातलेलं नाही."
"कसलं कार्ड?"
"टोलचं. तिथल्या मोठ्या रस्त्यांचं."
चार वर्षं ही मागत होती,
आणि आमच्या वाटेवर कुठे बर्फ, कुठे घोडी आडवी.

तो डबा दोन स्क्रूंवर आहे. पान्हा दाराच्या कप्प्यात.
काढीन कधीतरी.
तोवर किल्ली फिरवते,
हवामानवाल्याला जरा थांबवते,
तिचं होऊ देते.

एक स्क्रू उरलाय. कुठला ते कळत नाही.
राखदाणीत टाकलाय, खड्ड्यात वाजतो.