बर्फार

रात्री दीडला शेवटचं पान सुटायचं.
लाल पेनाला टोपण लावून
मी मांडवीचा पूल पायी ओलांडायचे.
खाली कॅसिनोच्या बोटी लग्नघरासारख्या पेटलेल्या,
आणि पलीकडे, बेतीच्या धक्क्यामागे,
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यावर
एकच पिवळा बल्ब.

पाटी कधी लागलीच नाही.
'बर्फार वचूंया' म्हटलं की रिक्षावाल्याला कळायचं.

दारावर दुमिंग. शिक्का वगैरे नव्हता,
तो मनगटावर बर्फाचा खडा टेकवायचा,
तेवढ्यावर तुम्ही आतले.
खडा वितळल्यावर काय, हे कुणी विचारलं नाही.

आत अमोनियाच्या पायपांना टांगलेले स्पीकर.
मेडिकल कॉलेजची सिस्टर ड्यूटीच्याच बुटांत नाचायची.
म्हापशाची तीन पोरं आणि त्यांची चार तारांची गिटार.
फोंड्याचा एक भटजी, जानवं टी-शर्टात खोचून,
ड्रम मशीनच्या जोडीला घुमट वाजवायचा,
घोरपडीचं कातडं बंद झाल्यापासून
बकऱ्याच्या कातड्याला तो नाद नाही,
ही त्याची तक्रार दर शनिवारी.
आणि रोझालिना. शाळेच्या दाखल्यावर रोझारियो.
तियात्रात तिला फक्त हशासाठी घेत.
इथे ती कांतार म्हणायची, स्टूलवर बसून, डोळे मिटून,
आणि बाटल्यांचासुद्धा आवाज थांबायचा.

मी नाचत नसे.
उलट्या क्रेटवर बसायचे, हातात लिमका घातलेला हुर्राक,
आणि भिंतीवरची अक्षरं सुधारायचे.
देवनागरी कोंकणी, रोमी कोंकणी, मराठी,
मधूनच एखादी पोर्तुगीज शिवी.
ज्या भाषांवरून दिवसा पणजीत मोर्चे निघायचे
त्या इथे एकमेकींच्या अंगावर रेलून झोपलेल्या.
मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचे.
'आयली गो शुद्धलेखन!' दुमिंग ओरडायचा.
घरी मला इतक्या प्रेमानं कुणी हाक मारली नव्हती.

ऑक्टोबरात, बाराव्या पानावर,
तळाशी, जाहीर नोटीस.
लिस्बनचे तीन वारस. दिल्लीची एक कंपनी.
'सर्व तमाम लोकांस कळविण्यात येते की'.
सर्व आणि तमाम दोन्ही कशाला? सर्व काढला.
चतुःसीमा: पूर्वेस नाला, पश्चिमेस रस्ता,
उत्तरेस आल्मेदा यांची माडांची बाग.
सर्व्हे नंबर वर सत्तेचाळीस, खाली चौऱ्याहत्तर.
तेवढ्या रात्री वकिलाला फोन लावला,
झोपेतल्या आवाजाकडून खात्री करून घेतली,
आकडा फिरवला, सही केली.
पान सुटलं.

पुलाच्या मध्यावर आले तेव्हा
पूर्वेस नाला, पश्चिमेस रस्ता
माझ्या डोळ्यांसमोर जोडले गेले,
आणि त्यांच्या मधोमध पिवळा बल्ब.

चुकीच्या नंबराची नोटीस टिकत नाही, असं म्हणतात.
निदान एक महिना मिळाला असता.
एका महिन्यात काय झालं असतं कोण जाणे.
चार शनिवार झाले असते.

आता तिथे काच आहे.
भिंतीचा हातभर तुकडा चौकटीत बसवून
वर छोटा दिवा सोडलाय.
त्यात माझी एक लाल वेलांटी आहे.
मी बघत उभी राहिले तर
कुठल्याशा डोंगराळ गावचा तो पोरगा म्हणाला,
मॅडम, बुकिंग आहे?
त्याचाही काही दोष नाही. त्याचे बूट नवे होते, चावत होते.

दुमिंग हल्ली मालीमच्या जेटीवर भेटतो,
ट्रॉलरसाठी लाद्या फोडत.
एकदा सगळं सांगून टाकलं त्याला.
त्यानं टोचा खाली ठेवला नाही.
'तुजी चूक न्हय गो. नंबर तांकां म्हायत आशिल्लो.'

बहुतेक दिवशी मला हे पटतं.
तरी जाहीर नोटीस आली की
आधी चतुःसीमा वाचते,
मनातल्या मनात तिथवर चालत जाते,
आणि मगच पेनाचं टोपण काढते.