एका कानापुरतं

मागचं झाकण उचलायला नखं पुरली नाहीत,
लोण्याची सुरी वाकली,
शेवटी मुदत संपलेलं ओळखपत्र फटीत सरकवलं
तेव्हा एकेक खटका सुटला.
कट्, कट्,
मग बराच वेळ काहीच नाही.
मग कट्.

आत बॅटरीचं पोट सुटलेलं.
बावन्नाव्या वर्षी माझंही सुटलंय,
पण मी कुणाच्या पडद्याला आतून ढकलत नाही.

हा प्लेअर घेतला तेव्हा मी इंग्लंडात होते,
रेडिंगला, सँडविचच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
आठ तास काकडीच्या चकत्या,
पावावर चार, तिरक्या.
पहिल्या पगारातून आईला पैसे,
दुसऱ्यातून बूट,
तिसऱ्यातून हा.
पाठीवर नाव कोरून देतो, दुकानदार म्हणाला.
मी बोग्ना सांगितलं, त्याने बोना कोरलं.
तीन वर्षांत त्या देशाने मला
एवढं एकच काहीतरी फुकट दिलं.

कयेतान, माझ्या बहिणीचा मुलगा, हसला.
"फोनमध्ये सगळंच आहे, मावशी.
नाकापेक्षा मोती जड कशाला?"
मी म्हटलं, नाक माझं आहे.

नवी बॅटरी आली, जुनीच्या निम्म्या जाडीची,
पाकिटात हलकी, उपाशी वाटावी अशी.
तिचा जोड नखाच्या पांढऱ्या कडेएवढा.
श्वास धरून बसवला.
चूक त्याच्या आधीच झाली होती.
झाकणापासून आत जाणारी एक नारिंगी पट्टी असते,
कागदासारखी.
मी झाकण दारासारखं उघडलं,
ते पुस्तकासारखं उघडायचं होतं.

पडदा उजळला. त्याने तारीख विचारली.
मी सांगितली नाही.

गिदिनियात मी ट्रॉलीबस चालवते.
डोक्यावरच्या दोन दांड्या तारांना धरून गाव फिरायचं,
आणि तारा संपतात तिथे दांड्या उतरवून
पोटातल्या बॅटरीवर उरलेली वाट,
झाडांच्या कडेने, आवाज न करता.
नवे ड्रायव्हर तिथे आकड्याकडे बघत चालवतात.
मीही बघायचे, पहिला हिवाळाभर.

शेवटच्या थांब्यावर अकरा मिनिटं मिळतात.
कानात घातलं, तर गाणं फक्त डावीकडे.
उजवा मुका.
तार फिरवली, हलवली, फुंकर मारली,
एक शिवीही दिली, आईच्या तोंडची.
काही नाही.

जुन्या रेकॉर्डिंगमध्ये माणसं
दोन बाजूंना वाटून उभी असायची.
माझा गाणारा उजवीकडे होता.
त्याच्या मागे इतकी वर्षं डावीकडे कोण होतं,
ते आत्ता कळलं:
एक डफ, किंचित उशिरा पडणारा,
आणि कुणीतरी, बहुधा बाई, कडव्याच्या आधी
घसा साफ करते.
तिला वाटलं असेल, हे कुठे ऐकू जातंय.

एका कानाने ऐकायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं,
तर सोडायला दुसऱ्यात काही येतच नव्हतं.
तिथे बसचा पंखा होता,
बंदराकडून आलेला वारा,
आणि मागच्या बाकावर झोपलेला तो गोदीतला माणूस,
जो रोज इथपर्यंत येतो आणि उतरत नाही,
याच बसने परत जातो.

पट्टी अठ्ठावीस झ्लोटींना मिळते, कयेतानने शोधलंय.
मागवेन. ह्या महिन्यात नको.

काल तो उठून पुढे आला.
दाराच्या दांडीला धरून उभा.
"काय ऐकतेस?"
नाव सांगून काय कळणार होतं त्याला.
मी डावा त्याच्या हातात दिला,
आणि उगाच, तार आखूड म्हणून,
उजवा माझ्या कानात राहू दिला.

सहा मिनिटं उरली होती.
त्याने डोळे मिटले नाहीत की मानही डोलावली नाही.
फक्त एक बोट, ग्रीस लागलेलं,
दांडीवर पडत होतं, किंचित उशिरा.
त्यावरून मला कळत होतं
गाणं कुठवर आलंय.