जे कॉफी नव्हतं ते

ओंदिना श्केर्लच्या टेबलाच्या खणात
सात बरण्या आहेत.
एकीतही कॉफी नाही.

ट्रिएस्टच्या जुन्या बंदरात, एकोणीस नंबरच्या गोदामात
पोत्यांच्या थप्प्या छताला टेकतात,
आणि बाहेर बोरा सुटला की दाराची कडी
कुणी भेटायला आल्यासारखी दिवसभर वाजते.
ती उठत नाही. एकेचाळीस वर्षं झाली,
वाऱ्याला ती ओळखते.

निवडणं हे तिचं काम.
फुटका दाणा, किडका दाणा, काळा पडलेला,
आणि तो एकच
ज्याच्या वासानं सबंध पोतं नासतं.
बोटांना दिसतं, म्हणते.
डोळे नुसते सोबतीला.

मी नवा होतो तेव्हा तिनं हातावर दाणे ठेवले:
हा सुमात्राचा. ओला असतानाच सोलतात,
म्हणून असा निळसर, कडेला फाकलेला,
घाईत घर सोडल्यासारखा.
हा हरारचा, पिवळट,
एका आईची सहा मुलं असावीत तसा लहानमोठा.
आणि हा केनियाचा. शिस्तीचा.
याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

खरंच, केनियाच्या बरणीत तळाशी
शिसपेन्सिलीचं एक टोक आहे फक्त.
येमेनची मात्र काठोकाठ भरलेली:
तिथे दाणे घरांच्या गच्च्यांवर वाळतात
आणि गच्ची थोडी थोडी पोत्यात उतरते.
ब्राझीलचे सिमेंटचे टवके, मक्याचा एक दाणा.
सुमात्राचं सिगारेटचं थोटूक,
अजून लवंगेचा वास येतो,
झाकण पटकन लावावं लागतं.
हरारच्या बरणीत शेळीची लेंडी आहे,
ती का ठेवली, विचारायचं राहिलं.
सातवीवर चिठ्ठी नाही.
पोत्यावरचं नाव समुद्रात पुसलं गेलं
त्यांचं सामान तिच्यात.

वरच्या मजल्यावर सिन्योर फुल्वियो
चमच्यानं कॉफी भुरकतात, थुंकतात, लिहितात:
जर्दाळू. मोगरा. ओली माती.
समुद्रसपाटीपासून उंची अमुक मीटर.
ओंदिना कॉफी पीत नाही.
पित्त होतं.

गेल्या मार्चात यंत्र आलं.
सेकंदाला शेकडो दाणे, प्रत्येकाचा फोटो,
आणि वाईट दिसला की हवेची एक फुंकर.
दाणा बाहेर.
ती बघत उभी राहिली, मग म्हणाली,
फुंकरीनंच निवडायचं होतं
तर बोरा काय वाईट होता?
कुणी हसलं नाही. मी हसलो,
पण उशिरा.

तिच्या काळ्या कोटाचं दुसरं बटण निळं आहे.
वेवेतेनांगोच्या पोत्यात सापडलेलं, चार भोकांचं,
दोन भोकांत लाल दोऱ्याचे तुटके शेव.
तिनं ते उपटले नाहीत.
त्यांच्यावरूनच आपला काळा दोरा ओवला.
कुणाच्या तरी पोलक्याचं असणार, म्हणाली,
डोंगरउतारावर वाकून वाकून तुटलं असेल.
आता तिथे टाचणी.

शेवटच्या दिवशी कोट घालताना मी विचारलं,
मग तुझं मूळचं बटण कुठे गेलं?

इथेच, म्हणाली. टेबलावर होतं, मग नव्हतं.
त्या आठवड्यात मी चाळीस पोती शिवली,
सगळी ग्राझला गेली.

बरण्या तिनं नेल्या नाहीत.
खण मी उघडतो कधीकधी, लवंगेसाठी.
आणि ग्राझच्या त्या भाजणाऱ्याचा विचार करतो,
ज्याच्या तळहातावर एका सकाळी
काळं बटण आलं असेल, जरा झिजलेलं,
आणि त्यानं ते उजेडात धरून
बायकोला सांगितलं असेल,
बघ, ग्वाटेमालाहून आलंय.